बडे बाबूंची खाजकुयरी

बडे बाबू ऑफिसात आले की टोपी खुंटीला लावायच्या आधी गठ्ठ्यातली सगळ्यात खालची फाईल ओढायचे. वरची नाही, मधली नाही, खालचीच! म्हणजे जी आम्ही सगळ्यांनी मिळून, एकमेकांशी एक शब्दही न बोलता, रोज थोडी थोडी खाली सरकवलेली असायची, ती. कुणाच्या रजेचं नामंजूर, कुणाची चौकशी, कुणाच्या बदलीवरची रड. ती टेबलावर ठेवायचे, तिच्यावरची धूळ फुंकायचे आणि म्हणायचे, "ये माय. तुह्यीच वाट पाहून राह्यलो होतो."

परवा अमडापूरहून निरोप आला, बडे बाबू गेले. तेव्हापासून मी टाईपच्या मशीनवर बसलेय आणि हात थांबत नाहीत. काय आधी सांगू न् काय मागून, असं झालंय. कुणी म्हणेल, हेडक्लार्कवर काय लिहायचं! पण तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेलच, ज्याच्यामुळे बाकीच्यांना सुखाने चहा पिता येतो. निदान त्याच्यासाठी तरी वाचा.

आमच्या वऱ्हाडात हेडक्लार्कला बडे बाबूच म्हणतात. खरं नाव फक्त पगारपत्रकात. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, कारभार मराठीत करा असं वरून आलं होतं, आणि इंग्रजी मशीनवर आयुष्य काढलेले आमचे टायपिस्ट मराठी मशीनपुढे हात चोळत बसले होते. म्हणून तर माझ्यासारख्या देऊळघाटच्या माळ्याच्या पोरीला बुलढाण्यात नोकरी लागली. हंगामी. ऑफिस कोणतं ते लिहीत नाही, त्यातली अर्धी माणसं अजून तिथंच आहेत. ऑफिसातली पहिली बाई मी! आणि हात असे चालायचे की शिपाई नामदेवराव खिडकीतून डोकावून पाहायचे, कोण ज्वारी पाखडून राह्यलं म्हणून.

बडे बाबू मला मेल गाडी म्हणायचे. "बुलढाण्याले रेल्वे नाही आली ती नाही आली, पण मेल आली पाहा," असं पहिल्याच आठवड्यात सगळ्यांपुढे म्हणाले, आणि मी लाजून लाल! मग जवळ येऊन हळूच, "पण बाई, मेल स्टेशनं सोडत जाते. तू सोडू नको." मी हसले. आपली स्तुतीच चाललीय असं वाटलं मला. वय काय होतं माझं, एकोणीस.

ते वाईट बातमी आधी सांगायचे. राम राम मागून. नामदेवरावांच्या मुलाने भरतीसाठी अर्ज केला होता, नामदेवराव महिनाभर बडे बाबूंच्या मागे मागे, बाबू काही कळलं का, काही कळलं का. एका सकाळी बडे बाबू पायरी चढता चढताच म्हणाले, "नामदेवा, पोराचं झालं नाही. यादी पाह्यली मी. आता मले पाणी दे." नामदेवरावांनी पाणी दिलं. बडे बाबू ते उभ्यानेच प्यायले, मग पायरीवरच बसले, आणि नामदेवरावांना बाजूला बसवलं. दहा-पंधरा मिनिटं दोघं तसेच बसलेले. येणारी माणसं त्यांना वळसा घालून आत येत होती.

डब्यात कारल्याची भाजी असली की तीच आधी संपवायचे, आणि मग वरण-भाकर. एक रिटायर्ड मास्तर दर सोमवारी बारा पानांची तक्रार घेऊन यायचे, तेव्हा सगळे कुठे कुठे नाहीसे व्हायचे, एक जण तर चक्क रेकॉर्डरूममध्ये जाऊन उभा राहायचा. बडे बाबू खुर्ची ओढून द्यायचे. "वाचा मास्तर. पहिल्या पानापासून." आणि ऐकायचे, बाराही पानं, डोळे मिटून.

आता तुम्हाला वाटेल, सकाळी सकाळी नकोसं काम उरकलं की दिवस कसा हलका होत असेल! मलाही तसंच वाटायचं. मी विचारलंसुद्धा. ते चष्मा पुसत म्हणाले, "कुठचा हलका? एक काढली का तिच्याखाली दुसरी राह्यतेच. चाळीस वर्षं झाली, तळ लागला नाही." आणि खरंच, दुपारी तीनपर्यंत हा माणूस इतका थकलेला दिसायचा की बघवायचं नाही. बूट काढून पाय टेबलाच्या आडव्या दांडीवर ठेवायचे. पायांना सूज. "थकलो बे," असं कुणालाच उद्देशून नाही, नुसतं हवेत म्हणायचे. आणि पुन्हा पुढची फाईल.

हे खूळ त्यांच्या डोक्यात एका गोऱ्या साहेबाने घातलेलं. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली एक पिवळा पडलेला कागद होता, त्यावर इंग्रजीत तीनच शब्द, सुंदर वळणदार अक्षरात: ग्रास्प द नेटल. बडे बाबू नक्कलनवीस म्हणून नवे नवे लागले तेव्हा साहेबाने त्यांना कुणा पाटलाला त्याचा अर्ज फेटाळल्याचं सांगायला बाहेर पाठवलं, आणि हे दारातच घुटमळत राहिले. तेव्हा साहेब ते म्हणाला. नेटल नावाचं एक झुडूप असतं त्यांच्या विलायतेत. भीत भीत बोट लावलं तर आग होते, मुठीत घट्ट धरलं तर काही होत नाही. नेटल म्हणजे नेमकं काय, हे काही बाबूंना कळेना. साहेबाने स्वतःचा हात खराखरा खाजवून दाखवला. बाबूंनी लगेच ओळखलं, खाजकुयरी!

तेव्हापासून बुलढाण्याच्या त्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच ऐकावं लागायचं. "खाजकुयरी कशी धराची? घट्ट. भेलं का संपलं." आम्ही मान हलवायचो. आता मी शेतातली पोर, आमच्या कुंपणावर खाजकुयरीचा वेल, मला माहीत नाही का ती घट्ट धरल्यावर काय होतं! नामदेवरावांना माहीत नाही? सगळ्या ऑफिसला माहीत होतं. पण साहेबाने इंग्रजीत सांगितलेलं, बडे बाबूंनी काचेखाली ठेवलेलं. कोण बोलणार?

आता खरं सांगायचं ते सांगते. अजूनही बोटं अडखळतात.

चैत्र होता. पिण्याच्या पाण्याच्या विहिरींसाठी गावांची यादी वर पाठवायची होती. चाळीसेक गावं, हाताने लिहिलेली, अक्षर म्हणजे मुंग्या. साहेबांना ती पाचच्या आत हवी होती, आणि माझी देऊळघाटची एस.टी. सव्वापाचला. ती चुकली की पुढची दिवेलागणीला, आणि मग घरी आईचं तोंड. मी यादी घेतली आणि अशी काही टाईप केली, अशी काही, की नामदेवराव म्हणाले, "बाई, मशीनमधून धूर निघन!" पावणेपाचला यादी तयार.

आमच्याकडे पद्धत होती. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने टाईप केलेल्या ओळीवर पट्टी ठेवून एकेक गाव ताडून पाहायचं. याला अर्धा तास लागतो. बडे बाबू साहेबांच्या खोलीतून बाहेर आले, हातात दुसरेच चार कागद, त्यांनी मला विचारलं, "ताडून पाह्यलं?"

मी म्हणाले, "हो."

त्यांनी सही केली. मी सव्वापाचची गाडी गाठली. खिडकीची जागासुद्धा मिळाली.

काही आठवड्यांनी मंजुरी आली, आणि त्यानंतर एक पोस्टकार्ड आलं. घाटाखालच्या एका लहानशा पिंपळगावच्या सरपंचांचं. आमच्या जिल्ह्यात पिंपळगावं काही कमी नाहीत, पिंपळगाव राजा तर सगळ्यांनाच ठाऊक, पण हे कुणाला फारसं माहीत नसलेलं. कार्डात लिहिलं होतं की गावाने श्रमदानाने विहीर खणली आहे, पाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल गेली आहे, आता काळा खडक लागला आहे आणि पहार चालत नाही. नाव मंजुरीसाठी गेलेलंच आहे, तरी सुरुंगवाले केव्हा येतात ते कळवावं.

कार्ड आधी माझ्या हातात आलं, कारण आवक मीच नोंदवत होते. मी जावकमधली माझ्या यादीची प्रत काढली. पिंपळगाव राजा होतं. त्याच्या खाली थेट तिसरंच गाव. मग मूळ कागद काढला. पिंपळगाव राजाच्या खालच्या ओळीत, त्या मुंग्यांच्या अक्षरात, हे लहानगं पिंपळगाव. डोळा एका पिंपळगाववरून दुसऱ्यावर घसरला होता. एक ओळ! मी ते कार्ड गठ्ठ्याच्या अगदी तळाशी घातलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बडे बाबूंनी ते ओढलं. दुसरं काय होणार होतं!

त्यांनी वाचलं. जावक मागवली, मूळ कागद मागवला. पट्टी घेतली आणि एकटेच ओळीवर ओळ ताडत बसले. मी मशीनकडे पाहत होते, कागदच घातलेला नव्हता त्यात. मग ते उठले आणि साहेबांकडे गेले. दार उघडंच होतं.

साहेब म्हणाले, "वरून नामंजूर झाली असं कळवून टाका. पुढच्या यादीत घालू."

"वरून नाही झाली साहेब. आपल्याकडूनच गेली नाही."

"त्यांना काय फरक पडतो बडे बाबू? विहीर या वर्षी होत नाही, एवढंच ना?"

"हाव. पण सांगाले मी जातो."

"अहो, कार्ड टाका!"

"कार्डानं नाही सांगता येत हे," असं म्हणून ते बाहेर आले आणि माझ्या टेबलापाशी थांबले. "मेल गाडी, उद्या घाटाखाली जाचं आहे. डबा आणजो."

मला रात्रभर वाटत राहिलं की उद्या माझी नोकरी गेली. सहा महिन्यांत मला कायम करणार होते. वडील भाजीची पाटी बाजारात उतरवताना ओळखीच्या-बिनओळखीच्यांना सांगायचे, पोरगी ऑफिसात आहे म्हणून. सकाळी मी वेणीसुद्धा धड घातली नव्हती.

गाडीत बडे बाबू घाट उतरताना झोपले, मान खिडकीवर, तोंड उघडं. झोपेत माणूस एवढा म्हातारा दिसतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. घाटाखालचं ऊन म्हणजे तुम्हाला सांगते, वर बुलढाण्यात निदान वारा तरी असतो. फाट्यावर उतरून दोन कोस पायी. अर्ध्या वाटेत त्यांचे बूट पायात मावेनात. ते हातात घेतले आणि रस्त्याच्या कडेने मातीतून चालायला लागले. मी म्हणाले, "बडे बाबू, थोडं बसू या." तर म्हणे, "बसलो तं उठनार नाही मी."

गावात लिंबाखाली सरपंच होते, सात-आठ माणसं, आणि रिकाम्या घागरी घेऊन निघालेल्या बाया ऑफिसचं माणूस आलं म्हणून थांबलेल्या. त्यात गयाबाई नावाची एक म्हातारी, सडपातळ, आवाज मात्र सगळ्या गावाला पुरेल असा. सरपंचांनी चहाला सांगितलं. बडे बाबूंनी हात वर केला. "चहा मागून. आधी ऐका. तुमचं गाव यादीत होतं. ते आमच्याकडून सुटलं. वर गेलंच नाही. या साली तुमची विहीर होत नाही."

मग एक जण म्हणाला, "कोनाकडून सुटलं?"

"माह्याकडून. ताडून पाहाची होती यादी. मी पाह्यली नाही. सही माह्यी आहे."

मी दोन पावलांवर उभी होते. तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. मग मिटलं.

गयाबाई पुढे आली. "मंग आता?"

"आता पुढच्या साली. पह्यलं नाव तुमचं. मी लिहून ठेवलं आहे."

"पुढच्या सालापर्यंत का तुमची शाई प्यावं का बाबू?"

बडे बाबू म्हणाले, "नाही माय. शिव्या दे."

तिने दिल्या. अर्धा तास सगळ्यांनी मिळून दिल्या. त्यांनी खणलेला खड्डा दाखवला, तळाशी काळाशार खडक, पहारीने पडलेले पांढरे ओरखडे. बाया रोज नदीच्या झिऱ्यावर जातात, वाळूत खड्डा करून वाटीने पाणी भरतात, त्या वाटेचं अंतर सांगितलं. बडे बाबू ऐकत होते, मास्तरांची तक्रार ऐकायचे तसे, पण या वेळी डोळे उघडे होते.

शेवटी लोक दमले. चहा आला, गुळाचा, दूध नव्हतं. सरपंच जरा मऊ झाले होते, म्हणाले, "पन बाबू, चिठ्ठी धाडली असती तं चाललं असतं. एवढ्या उन्हात, या वयात काऊन आले?" आणि बडे बाबूंना तेवढंच पाहिजे होतं! त्यांनी त्या थकल्या आवाजात गोऱ्या साहेबाची सगळी गोष्ट सांगितली, पाटील, दार, साहेबाचं खाजवणं. "खाजकुयरी घट्ट धराची. म्हणजे लागत नाही."

गयाबाई घागर खाली ठेवून त्यांच्याकडे पाहतच राहिली. "कोन सांगतलं तुमाले हे?"

"साहेबानं."

"त्यानं धरली होती का कधी? अहो, घट्ट धरली तं शेंगेवरची सगळी कूस तळहातात जाते! जेवढी दाबसान तेवढी लागन. तिले हात लावाचाच नसते. आन लागलीच तं खाजवाचं नाही, वरून शेन थापाचं न् गुमान बसाचं."

सगळं गाव हसलं. मीही हसले, रडायच्या बेतात असताना! आणि बडे बाबू आधी गोंधळले, मग हसायला लागले, ते काही थांबेनात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "चाळीस वर्षं," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी घट्ट धरून राह्यलो! तरीच म्हणतो मी..." आणि आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहत राहिले.

फाट्यावर गाडीची वाट पाहताना मला राहवेना. मी रडायला लागले. "बडे बाबू, मी खोटं बोलले. मी ताडून पाहिलं नव्हतं."

"मले माहीत आहे. अर्ध्या तासाचं काम, पाच मिनिटांत कसं होईन?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मलेही घाई होती," ते म्हणाले. "चार कागद हातात होते. तुह्या 'हो'वर सही करून टाकली, सोपं होतं. रडू नको आता, पाणी वाया जाते. या गावात तरी नको."

वरून खुलासा मागवला गेला. बडे बाबूंनी तो मला सांगितला आणि मी टाईप केला. सदर चूक निम्नस्वाक्षरीकाराच्या दुर्लक्षामुळे झाली असून त्यास अन्य कोणीही जबाबदार नाही. आयुष्यात एवढं सावकाश मी कधी टाईप केलं नसेल. "अन्य कोणीही" या शब्दांपाशी थांबले. ते खिडकीतून बाहेर पाहत होते. म्हणाले, "पुढं चाल." मी पुढं चालले.

त्यांची निवृत्ती जवळ आली होती, आणि नोकरीची सहा महिन्यांची मुदतवाढ साहेबांच्या टेबलावर होती, जवळजवळ झाल्यातच जमा. ती नामंजूर होऊन परत आली. बडे बाबू म्हणाले, बरं झालं, मले तरी कुठं ओढवत होतं. पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. महिनाअखेरीला निरोप समारंभ झाला, हार, नारळ, पेढे. साहेबांनी कर्तव्यदक्ष वगैरे म्हटलं. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि मी काय बोलले माहीत आहे? ते मला मेल गाडी म्हणायचे, हे! लोक हसले. मी बसले.

सोमवारी त्यांची खुर्ची रिकामी पाहिली आणि मला काय झालं कुणास ठाऊक. मशीनवर बसले, चार ओळींचा अर्ज टाईप केला. यादीतली चूक माझी आहे, ताडून न पाहता पाहिल्याचं मी सांगितलं. सही केली आणि साहेबांसमोर ठेवला. साहेबांनी वाचला. घडी घातली. खणात टाकला. "प्रकरण बंद झालंय. आता हे उघडलं तर बडे बाबूंचा खुलासाच खोटा ठरेल. जा, कामाला लागा."

म्हणजे मी एवढं धाडस केलं आणि काही झालंच नाही. ना शाबासकी, ना शिक्षा. रविवार येईपर्यंत कसाबसा दम धरला, आणि चिखलीवरून अमडापूरची गाडी धरून बडे बाबूंच्या घरी गेले. ते ओसरीवर बसून गवार मोडत होते, पाय पाटावर. त्यांच्या बाईंनी लिंबाचं सरबत दिलं. मी एका दमात सगळं सांगितलं, अर्ज, साहेब, खण. सांगताना मला वाटत होतं, आता म्हणतील, शाबास पोरी.

ते गवार मोडत राहिले. मग म्हणाले, "साहेबाले सांगणं सोपं होतं बाई. त्याले कुठं तहान लागली होती?"

मी सरबताचा पेला खाली ठेवला.

"रागावून नाही म्हणत," ते म्हणाले. "मी आता मोकळा झालो. तू कर नाहीतर नको करू. गयाबाई म्हणे तसं हातच न लावलेला बरा, असंही असन. मले आता सांगता येत नाही." मग आत आवाज दिला, "अवं, हिले जेवू घाल. उपाशी आली दिसते."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते हेच. मी जेवून निघाले तेव्हा ते ओसरीवरच झोपले होते, टोपी तोंडावर. उठवलं नाही.

पुढच्या रविवारी मी एकटी घाट उतरले. ज्येष्ठ लागला होता, आभाळात ढग येऊन नुसते जात होते. घरी खोटं सांगितलं होतं, मैत्रिणीकडे जाते म्हणून. फाट्यावरून दोन कोस चालताना किमान दहा वेळा मागे वळले असेन. लिंबाखाली पुरुष कुणी नव्हतं, बायाच होत्या, घागरी घेऊन निघायच्या तयारीत. गयाबाईने मला ओळखलं. "ऑफिसवाली ना तू? बाबू कुठं हाये?"

"ते रिटायर झाले," मी म्हणाले. आणि मग, थांबले तर राहून जाईल म्हणून, भराभर, "यादी मी टाईप केली होती. तुमचं गाव माझ्याकडून सुटलं. आणि मी बडे बाबूंना खोटं सांगितलं होतं, ताडून पाहिलं म्हणून. त्यांची चूक नव्हती."

"काऊन सुटलं वं तुह्याकडून?"

"घाई होती. गाडी गाठायची होती."

"गाडी!" एक बाई म्हणाली, आणि दोघीतिघी हसल्या. ते हसणं चांगलं नव्हतं. एक तरुण बाई, कडेवर पोर, माझ्याकडे अशी पाहत होती की मी आजही ती नजर सांगू शकत नाही. तिने तोंड फिरवलं आणि चालायला लागली. मला वाटलं, झालं, सांगून झालं, आता परत जावं. मोकळं मोकळं वाटेल म्हणून वाट पाहिली. तसं काही वाटलं नाही.

गयाबाई मला खालीवर न्याहाळत होती. मग तिने काखेतली घागर काढून माझ्यासमोर धरली.

"एवढं सांगाले आली तं एक खेप घालून जाय."

मी घागर घेतली. झिरा किती लांब होता ते मी लिहीत नाही, लिहून कळणार नाही. वाळूतल्या खड्ड्यापाशी बाया रांगेने बसल्या होत्या, वाटीवाटीने पाणी वर येत होतं, आणि वाटी भरायची म्हणजे तळाशी पाणी जमायची वाट पाहायची. घाई करून उपयोगच नव्हता, घाई केली की नुसता गाळ. तासाभराने माझी घागर भरली. डोक्यावर घागर मी घरी हजारदा घेतलेली, पण ती चार पावलांवरच्या मळ्यातल्या विहिरीवरून. परत येताना मान वाकडी झाली, चपलेचा अंगठा तुटला, पाणी मानेवरून पाठीत उतरलं. गावात पोचले तेव्हा घागर अर्ध्याहून थोडी जास्त होती.

गयाबाईने आत डोकावून पाहिलं. पाणी रांजणात ओतलं, तळाचा थेंबही निथळू दिला, आणि रिकामी घागर पुन्हा माझ्या हातात दिली.

"दुसरी आण," ती म्हणाली. "आता हळू ये."